सरदी चुकली की काम अडते

आपल्या भागात सोयरीक राज्याची हद्द पाहून होत नाही. 1956 पर्यंत बिदर, नांदेड आणि आदिलाबाद एकाच हैदराबाद राज्यात होते. त्या ओळखी अजून टिकून आहेत. माझी बहीणही उटनूरला दिलेली.

परवा तिच्या मुलीचा फोन आला. "मामा, शिष्यवृत्तीच्या अर्जाची उद्या शेवटची तारीख आणि कॉलेजच्या लॅबमध्ये साइटच उघडत नाही. सर म्हणतात, परवानगी दिली आहे!"

परवानगी होती, पण कुठे? राउटर म्हणजे नेटवर्कचा नाका. नाक्यावर एक यादी असते, तिला अ‍ॅक्सेस लिस्ट म्हणतात. सिस्कोच्या राउटरवर 1 ते 99 क्रमांकाची साधी यादी फक्त पाठवणाऱ्याचा पत्ता पाहते. 100 ते 199 ची विस्तारित यादी माल कुठे आणि कोणत्या कामासाठी चालला आहे, हेही पाहते. यादी वरून खाली वाचली जाते. जी ओळ आधी जुळेल तिचाच हुकूम. पुढच्या ओळी वाचल्याच जात नाहीत. एकही जुळली नाही, तर शेवटी न लिहिलेली ओळ असतेच : मनाई.

मुलांनी गेम खेळू नयेत म्हणून यादीत दोनच ओळी होत्या : कॉलेजचा सर्व्हर चालू, बाकी सर्व बंद. शिष्यवृत्तीची ओळ सरांनी नंतर घातली. नवी ओळ आपोआप तळाला जाते. म्हणजे ती मनाईच्या खाली पडली!

ओळींना 10, 20 असे क्रमांक असतात. मी म्हटले, 5 क्रमांक देऊन ती वर घ्या. घेतली, तरी साइट उघडेना. कॉलेजचा सर्व्हर नुसत्या आकड्यांनी उघडे. या साइटला मात्र नाव होते. नावावरून पत्ता सांगणाऱ्या डीएनएसची 53 क्रमांकाची वाट बंद होती. तीही ओळ वर घातली आणि रात्री नऊला अर्ज गेला.

मराठीत सर्दी म्हणजे पडसे, कन्नडमध्ये 'सरदी' म्हणजे पाळी. इथे सरदीच चुकली होती. भाचीला वाटत होते सर थाप मारतात. सरांना वाटत होते पोरगी टाळाटाळ करते. दोघेही खरेच बोलत होते. घरात रागावण्याआधीही यादी एकदा वरून खाली वाचावी, नाही का?