आर्क्टिकच्या समुद्रपक्ष्यांतील पारा आणि भारताची जबाबदारी : मागणीपत्र

प्रति,
मा. केंद्रीय मंत्री, पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्रालय
मा. केंद्रीय मंत्री, पृथ्वी विज्ञान मंत्रालय
नवी दिल्ली

विषय : औष्णिक वीज केंद्रांतून हवेत जाणाऱ्या पाऱ्यावर नियंत्रण आणि समुद्रपक्ष्यांतील पाऱ्याचे मोजमाप

महोदय,

आर्क्टिकच्या पक्ष्यांशी कोकणातल्या माणसांचा काय संबंध, हा प्रश्न हे पत्र उघडणाऱ्या पहिल्याच अधिकाऱ्याला पडेल. म्हणून उत्तर आधी देतो. महाराष्ट्र आणि गोव्याच्या किनाऱ्यावर पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्यांची आमची संघटना आहे. थंडी पडू लागली की उत्तर रशियाच्या टुंड्रात वाढलेले ह्युग्लिन कुरव आमच्या बंदरांवर उतरतात आणि मासळीच्या लिलावाभोवती घिरट्या घालत हिवाळाभर मुक्काम ठोकतात. लाल मानेचे फॅलारोप आर्क्टिकमध्ये घरटी करतात आणि हिवाळा काढायला किनाऱ्यापासून दूर, भर अरबी समुद्रात येतात. हा झाला पक्ष्यांचा रस्ता. पाऱ्याचा रस्ता याच्या उलट दिशेने, इथून तिकडे जातो. हे मागणीपत्र त्या दुसऱ्या रस्त्याबद्दल आहे.

कोळशात पारा किंचित असतो, पण आपण कोळसा किंचित जाळत नाही. भट्टीत पाऱ्याची वाफ होते आणि तिचा काही भाग राखेत न अडकता धुराड्यातून निघून जातो. ही वाफ पाण्यात सहजी विरघळत नाही, त्यामुळे पावसाने लगेच खाली येत नाही; महिनोन्‌महिने हवेत राहते आणि पृथ्वीला फेऱ्या मारते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 2018 साली केलेल्या आढाव्यानुसार 2015 या एका वर्षात माणसाच्या उद्योगांतून सुमारे 2,220 टन पारा हवेत गेला. त्यात सर्वांत मोठा वाटा, सुमारे 38 टक्के, लहान प्रमाणावर सोने काढणाऱ्यांचा होता. कोळशाचा वाटा 21 टक्क्यांच्या आसपास. दक्षिण आशियाच्या नावावर एकूण 10 टक्के आहेत, आणि दक्षिण आशियात सर्वाधिक कोळसा कोण जाळतो हे मंत्रालयाला आम्ही सांगायला नको.

ध्रुवाकडे पोचल्यावर काय होते ते 1995 मध्ये कॅनडाच्या अगदी उत्तरेकडील ॲलर्ट या ठाण्यावर प्रथम ध्यानात आले. लांबलचक ध्रुवीय रात्र संपून सूर्य उगवला की हवेतला पारा अधूनमधून एकाएकी जवळजवळ नाहीसा होत होता. समुद्री बर्फावरच्या क्षारांतून सुटणाऱ्या ब्रोमिनशी त्याची प्रक्रिया होते, त्याचे रूप बदलते आणि तो बर्फावर बसतो. त्यातला काही पुन्हा हवेत जातो, काही वितळत्या पाण्याबरोबर समुद्रात उतरतो. नद्या आणि वितळणारी गोठणभूमीही जुना साठलेला पारा समुद्रात आणून टाकतात. तिथे सूक्ष्मजीव त्याचा मिथिल पारा करतात, आणि खरे विष ते. प्लवकांतून कोळंबीवर्गी जीवांत, त्यांच्यातून ध्रुवीय कॉड माशात, माशातून पक्ष्यात, असा पायरीपायरीने तो दाट होत जातो.

पक्ष्याकडे हे विष बाहेर टाकायच्या मोजक्याच वाटा आहेत. मादी थोडे अंड्यातून टाकते, आणि नर-मादी दोघेही नव्या पिसांतून. पीस वाढत असताना रक्तातला मिथिल पारा त्याच्या केराटिनला घट्ट चिकटतो; वाढ पुरी झाली की पिसाचा रक्ताशी संबंध तुटतो आणि त्या दिवसांचा हिशेब पिसात कायमचा राहतो. लिटल ऑक हा मुठीएवढा पक्षी पाहा. त्याची डोक्यावरची पिसे विणीच्या आधी येतात, म्हणजे त्यांत हिवाळ्याचा पारा असतो. अंगावरची पिसे विणीनंतर येतात, त्यांत उन्हाळ्याचा. पूर्व ग्रीनलंडच्या पक्ष्यांत डोक्याच्या पिसांत अंगावरच्या पिसांच्या सुमारे साडेतीन पट पारा सापडला, आणि ज्या माद्यांत हिवाळ्याचा पारा जास्त त्यांची अंडी लहान निघाली. उन्हाळ्यात घरट्यापाशी जाऊन मोजण्याने भागत नाही ते यामुळेच.

पिसांची सर्वांत लांब साखळी आयव्हरी गलची आहे. हा पांढराशुभ्र कुरव बर्फाच्या कडेने राहतो आणि ध्रुवीय अस्वलांनी सोडलेल्या सीलच्या कलेवरांवरही ताव मारतो. कॅनडातल्या संशोधकांनी संग्रहालयांतल्या नमुन्यांची 1877 ते 2007 या काळातली पिसे तपासली. जुने नमुने टिकवायला पूर्वी पाऱ्याचेच क्षार लावत, म्हणून त्यांनी एकूण पारा न मोजता फक्त मिथिल पारा मोजला. तो 45 पट वाढलेला निघाला. पक्ष्यांचे खाणे बदलले असेल ही शंका पिसांतल्याच समस्थानिकांनी दूर केली. आहार बदललेला नव्हता. कॅनडातली या पक्ष्याची संख्या 1980 च्या दशकापासून 80 टक्क्यांहून अधिक घटली आहे. सगळी घट पाऱ्यानेच झाली असे आम्ही म्हणत नाही, बर्फही कमी होतो आहे. पण घसरणीला लागलेल्या पक्ष्याच्या अंगात विष वाढत असताना पुराव्याची वाट पाहत बसणे हा शहाणपणा नव्हे.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. आर्क्टिकच्या पक्ष्यांचा आजवरचा एकत्रित अभ्यास सांगतो की बहुसंख्य पक्ष्यांतली पातळी थेट धोक्याच्या खाली आहे. ‘आर्क्टिकचे पक्षी पाऱ्याने मरत आहेत’ अशी घोषणा आम्हाला द्यायची नाही. नुकसान मेलेल्या पक्ष्यांत मोजू नये, एवढेच आमचे म्हणणे. स्वालबार्डमधल्या कॉन्ग्सफियॉर्डेन या खाडीवर किटिवेक कुरवांवर झालेल्या अभ्यासात दिसले की ज्यांनी त्या वर्षी वीणच केली नाही त्यांच्या रक्तात पारा अधिक होता, आणि प्रजननाचे चक्र सुरू करणाऱ्या संप्रेरकाशी त्याचा संबंध होता. वीण चुकवलेला पक्षी धडधाकट दिसतो, उडतो, खातो. मेलेल्यांच्या मोजदादीत तो कधीच येणार नाही.

कॉन्ग्सफियॉर्डेन हे नाव पृथ्वी विज्ञान मंत्रालयाला नवे नाही. 1 जुलै 2008 रोजी सुरू झालेले आपले ‘हिमाद्री’ केंद्र याच खाडीवरच्या न्यू-ऑलेसुंडमध्ये आहे. 2014 पासून ‘इंडआर्क’ ही आपली वेधयंत्रणा याच खाडीच्या पाण्यात आहे. गोव्यात वास्कोला असलेले राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र हा सगळा कारभार पाहते. 2013 पासून भारत आर्क्टिक परिषदेत निरीक्षक आहे आणि 2022 मध्ये आपण आर्क्टिक धोरणही जाहीर केले. मग पक्ष्यांच्या रक्तातला पारा हा आपल्या कामाचा ठळक आणि कायमचा विषय का नसावा? आमची मागणी अशी, की नॉर्वेच्या संशोधकांशी करार करून किटिवेक आणि गिलेमॉट या समुद्रपक्ष्यांच्या नमुन्यांतील पाऱ्याचे दीर्घकालीन विश्लेषण भारताने उचलावे. नव्याने पक्षी पकडण्याचा हट्ट नको. जे नमुने घेतले जातातच त्यांच्यात वाटा मागावा, खर्च उचलावा, आपले विद्यार्थी पाठवावेत. हवेतला पारा तिथल्या झेपेलिन वेधशाळेत वर्षानुवर्षे मोजला जातोच. कॅनडाने प्रिन्स लिओपोल्ड बेटावरच्या गिलेमॉट, फुल्मार आणि किटिवेकची अंडी 1975 पासून जपून ठेवली, म्हणून तिथल्या पाऱ्याची चढण आज कागदावर दाखवता येते. अशा साखळीला पन्नास वर्षे लागतात. पहिली कडी घालायला एक निर्णय पुरतो.

पण मोजून भागणार नाही. पारा मुळाशी अडवावा लागेल. आमच्या मुख्य मागण्या त्यासाठी आहेत.

मंत्रालयाच्या 7 डिसेंबर 2015 च्या अधिसूचनेने औष्णिक केंद्रांच्या धुरातील पाऱ्याला घनमीटरला 0.03 मिलिग्रॅमची मर्यादा घातली. पण 2003 अखेरपर्यंत उभ्या राहिलेल्या केंद्रांत ती केवळ 500 मेगावॉट आणि त्यावरील संचांना लागू आहे. म्हणजे नाशिकजवळच्या एकलहऱ्याचे आणि खापरखेड्याचे 210 मेगावॉटचे जुने संच तिच्या बाहेर राहतात. जुना, लहान, कमी कार्यक्षम संच सुटतो आणि नवा मोठा सापडतो, हे तर्काला धरून नाही. ही सूट काढावी, आणि जे संच लवकरच बंद व्हायचे आहेत त्यांची बंद होण्याची तारीख जाहीर करावी. ज्यांना मर्यादा लागू आहे त्यांचा संचवार पाऱ्याचा आकडा, मोजणीची तारीख आणि पद्धत यांसह, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने दर तिमाहीला जनतेसाठी खुला करावा. माहिती अधिकारात अर्ज करून, अपील करून मिळवायची ही माहिती नव्हे.

दुसरा मुद्दा गंधकाच्या सवलतीचा. धुरातून सल्फर डायऑक्साइड धुऊन काढणारी यंत्रणा ऑक्सिडीकृत पाराही बराच पकडते, हे जगभर सिद्ध झाले आहे. जुलै 2025 मध्ये मंत्रालयाने देशातल्या बहुसंख्य केंद्रांना या यंत्रणेतून मोकळे केले. त्या निर्णयामागची सल्फरविषयीची कारणे आम्हाला पटत नाहीत, पण तो वाद इथे घालत नाही. विचारायचे ते हे, की सूट देताना त्यामुळे हवेत जाणाऱ्या पाऱ्याचा हिशेब कुणी मांडला होता का? मांडला असेल तर तो प्रसिद्ध करावा. नसेल तर तो मांडेपर्यंत सूट थांबवावी, किंवा सक्रिय कोळशाची पूड धुरात सोडून पारा शोषून घेण्याची पद्धत त्या केंद्रांवर बंधनकारक करावी. अमेरिकेत 2012 च्या नियमांनंतर वीज केंद्रांतला पारा 2017 पर्यंत सुमारे 86 टक्क्यांनी खाली आला. तंत्र उपलब्ध आहे, महाग आहे एवढेच.

आणि पकडलेला पारा कुठे जातो? तो नाहीसा होत नाही. राखेत, जिप्सममध्ये किंवा धुण्याच्या पाण्यात जातो. डहाणूच्या केंद्रात धूर समुद्राच्या पाण्याने धुतला जातो आणि ते पाणी परत समुद्रातच जाते. हवा स्वच्छ करून खाडीत पारा सोडायचा असेल तर आमच्या मच्छीमार सभासदांचा त्याला विरोध राहील. म्हणून राखबंधारे, राखेच्या विटा-सिमेंट आणि सोडलेले पाणी या तिन्हींतला पारा तपासणे सक्तीचे करावे.

भारताने पाऱ्यावरचा आंतरराष्ट्रीय मिनामाटा करार 18 जून 2018 रोजी मान्य केला. जुन्या स्रोतांवर उपाय लागू करायला करारातली कमाल मुदत दहा वर्षांची आहे, म्हणजे आपल्यासाठी सप्टेंबर 2028. त्याच कराराच्या प्रस्तावनेत आर्क्टिकच्या निसर्गाचा आणि तिथल्या मूळ रहिवाशांच्या पारंपरिक अन्नाचा खास उल्लेख आहे, कारण समुद्रपक्षी, त्यांची अंडी, सील आणि व्हेल हे इन्युइट लोकांचे रोजचे अन्न आहे. कलम 19 मध्ये मासे, सागरी सस्तन प्राणी आणि कासवांबरोबर पक्ष्यांमधला पारा मोजण्यास सहकार्य करण्याचे म्हटले आहे. सही करताना ही कलमे वाचली असणारच. तेव्हा 2028 पर्यंतचा वर्षवार आराखडा संसदेच्या पटलावर ठेवावा.

समुद्रपक्ष्यांत सापडणाऱ्या शिसे आणि कॅडमियम यांच्याबद्दल थोडक्यात. उत्तरेकडच्या आयडर बदकांना शिसे मुख्यतः शिकारीच्या छर्‍यांतून मिळते. तो त्या त्या देशांच्या कायद्यांचा प्रश्न आहे. फुल्मारच्या मूत्रपिंडातले कॅडमियम बऱ्याच अंशी समुद्राचे स्वतःचे आहे. त्यांबाबत आमची मागणी नाही.

शेवटी आपल्या किनाऱ्याकडे. आमच्या बंदरांवर हिवाळा काढणाऱ्या कुरवांमध्ये पारा किती, हे पाहायला आर्क्टिकला जायची गरज नाही. गळलेली पिसे आणि मेलेले पक्षी आमचे सभासद गोळा करू शकतात, पण वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मुळे पीस बाळगणेही परवानगीचा विषय आहे. कायदा कडक आहे ते बरेच आहे. त्यातूनच वाट काढून वन विभागाने किनारी जिल्ह्यांसाठी एक साधा सामूहिक परवाना द्यावा, नमुने जवळच्या वन कार्यालयात जमा करण्याची सोय करावी आणि तपासणी एका ठरलेल्या शासकीय प्रयोगशाळेत व्हावी. मुंबईच्या संग्रहांतील जुन्या समुद्रपक्ष्यांच्या पिसांवरही हेच काम होऊ शकते. आयव्हरी गलचा धडा समोर आहेच.

कोणत्या पक्ष्यातला पारा कोणत्या धुराड्यातला, हे कुणालाच सांगता येणार नाही, आणि त्याचाच आधार घेऊन सगळे देश एकमेकांकडे बोट दाखवतात. भारताने आपल्या धुराड्यांचे आकडे आधी उघडे केले तर पुढच्या मिनामाटा परिषदेत इतरांकडे मागण्याचा हक्क त्याला मिळेल.

या मागण्यांवर दोन्ही मंत्रालयांनी 90 दिवसांत मुद्देनिहाय लेखी उत्तर द्यावे आणि आमच्या प्रतिनिधींना चर्चेसाठी वेळ द्यावी, ही विनंती. उत्तर न आल्यास राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाकडे जाण्याचा ठराव आमच्या संघटनेच्या सभेने मंजूर केला आहे.

आपले विश्वासू,
अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणी सदस्य

प्रत माहितीसाठी : केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ, दिल्ली, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, मुंबई, राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र, वास्को, गोवा