'गिमली ग्लायडर': किस्सा आणि १.७७ हा आकडा

वैमानिकांच्या गमतीदार किश्श्यांचा विषय निघाला की 'गिमली ग्लायडर' हमखास निघतो. २३ जुलै १९८३. एअर कॅनडाचे नवे बोइंग ७६७ विमान माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघाले होते. ४१,००० फुटांवर असताना इंधन संपत आल्याचे इशारे सुरू झाले आणि पाठोपाठ दोन्ही इंजिने बंद पडली. विमान कसेबसे उतरले. पण त्याच्या दुरुस्तीसाठी विनिपेगहून निघालेल्या तंत्रज्ञांच्या गाडीतलेही इंधन वाटेत संपले, असे सांगतात. लोक इथे हसतात आणि किस्सा संपतो.

हसायला हरकत नाही, कारण विमानातील सर्व ६९ जण वाचले. कॅप्टन बॉब पिअरसन यांना ग्लायडर उडवण्याचा अनुभव होता. सहवैमानिक मॉरिस क्विंटल पूर्वी हवाई दलात असताना गिमलीच्या तळावर होते, म्हणून तो बंद झालेला तळ त्यांना आठवला. त्याच धावपट्टीवर आता मोटारशर्यती होतात, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हते. त्या दिवशी तर तिथे कुटुंबेच्या कुटुंबे जमली होती. उंची जास्त उरली होती. पिअरसन यांनी एवढे मोठे प्रवासी विमान ग्लायडरसारखे तिरके धरून खाली आणले. पुढचे चाक लॉक झाले नव्हते. नाक धावपट्टीवर घासत गेले आणि त्या घर्षणानेच विमान गर्दीच्या अलीकडे थांबले.

मराठी इतिहासाच्या वाचकाला बखर आणि अस्सल कागद यांतला फरक नव्याने सांगायला नको. किस्सा ही बखर आहे. (बखरी वाचनीय असतात, हेही खरे.) कागद काय सांगतो?

७६७ हे एअर कॅनडाचे मेट्रिक मापे वापरणारे पहिलेच विमान. इंधनदर्शक बिघडल्यामुळे टाक्यांतले इंधन हाताने मोजले गेले: ७,६८२ लिटर. लिटरला सुमारे ०.८ किलो वजन धरायचे, तिथे १.७७ धरले गेले. हा आकडा पौंडांचा. गरज होती २२,३०० किलोंची. विमान उडाले ते जवळपास तेवढ्याच पौंडांवर, म्हणजे निम्म्याहून कमी इंधनावर. ओटावात पुन्हा मोजणी झाली, तीही त्याच आकड्याने.

वैमानिकांनीही तो हिशेब मान्य केला होता. तेवढा दोष त्यांचा आहेच. परंतु पूर्वी हे काम फ्लाइट इंजिनिअर करी. ७६७ मध्ये ते पदच नव्हते आणि ते काम आता कोणाचे, हे कंपनीने स्पष्ट केलेले नव्हते. म्हणून 'इंधन भरायला विसरले' हे सांगणे नुसते ढोबळ नव्हे, अन्यायाचे आहे. 'शूर वैमानिकांनी वाचवले' एवढेच सांगणेही फारसे वेगळे नाही. दोन्ही कथांत कंपनी कुठे दिसतच नाही.

कंपनीने पिअरसन यांना सहा महिन्यांसाठी खालच्या पदावर आणले, क्विंटल यांना दोन आठवडे निलंबित केले. चौकशी आयोगाने मात्र व्यवस्थापनाच्या त्रुटींवर बोट ठेवले. १९८५ मध्ये त्याच दोघांचा उत्कृष्ट वैमानिक कौशल्याबद्दल आंतरराष्ट्रीय सन्मान झाला. विमान दुरुस्त होऊन २००८ पर्यंत सेवेत राहिले.