दुष्काळाची लेकरं

१८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले ते कापसाचा बाजार आणि जलंबहून येणारा रेल्वेचा फाटा सुरू करायला. वऱ्हाडची रुई त्या वाटेने साता समुद्रांपार जाऊ लागली. जीन-प्रेस उभ्या राहिल्या, पेढ्या गबर झाल्या. आणि तीसच वर्षांनी त्याच गावात पोरक्या मुलींचं अनाथालय होतं. चालवत होते अमेरिकेतून आलेले मिशनरी.

मधल्या काळात दोन दुष्काळ पडले. १८९६-९७ चा, आणि पाठोपाठ १८९९-१९०० चा. दुसरा संवत १९५६ मधला, म्हणून ‘छप्पनचा दुष्काळ’. ज्वारी गेली, कडबा गेला, मग गुरं गेली. बाया-माणसं सरकारी कामावर खडी फोडायला बसली. १९०१ च्या शिरगणतीत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या भरली ४,२३,६१६. दहा वर्षांत बारा टक्क्यांची घट. (खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं, आपल्या बुलढाणा जिल्ह्यात आलं १९०५ साली.)

दुष्काळी कामं आणि अन्नछत्रं बंद होताना ज्यांना न्यायला कुणीच आलं नाही, त्या मुलांचं काय करायचं? सरकारने ती संस्थांच्या हवाली केली. पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून मुली केडगावला नेल्या. लाला लजपतराय आणि त्यांच्या आर्यसमाजी सहकाऱ्यांनी मुलं पंजाबात नेली. वऱ्हाडात ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’ने अकोल्याला मुलांचं आणि खामगावला मुलींचं अनाथालय चालवलं. १९०० साली ‘क्विटो’ नावाचं जहाज न्यूयॉर्कहून मका भरून मुंबईला आलं. त्यामागे होतं एक ख्रिस्ती साप्ताहिक आणि त्याच्या वाचकांची वर्गणी.

पोरांना बाटवलं, ही तक्रार तेव्हाही होती, आजही होते. ती खोटी नाही; भाकरीबरोबर नवा देवही आला. पण बेवारस पोराची जात कुणाला ठाऊक नसे. त्याला पंगतीत कुठे बसवायचं, त्याच्या हातचं पाणी कुणी प्यायचं, उद्या त्याची सोयरीक कुठे करायची? हे प्रश्न ज्यांना पडतच नव्हते, त्यांच्या दारात ते पोर गेलं. कापसाच्या पैशाची उणीव या मुलखात नव्हती, ओसरीवर जागाही होती. अडचण पंगतीची होती.

पुढची कहाणी बहुतेक दुष्काळी अनाथालयांची सारखीच आहे. मुली मोठ्या झाल्या, कुणी मास्तरीण, कुणी नर्स. मुलांच्या आश्रमात सोयरिकी जुळल्या, संसार थाटले गेले. तसा दुष्काळ पुन्हा पडला नाही, नवी भरती आटली. अनाथालयाचं वसतिगृह झालं, परदेशातून येणारा पैसा कमी झाला. १९६० च्या कायद्याने सरकारची देखरेख आली आणि २०१५ च्या बाल न्याय कायद्याने तर संस्था ही अगदी शेवटची वाट ठरवली. या ऱ्हासाबद्दल हळहळणाऱ्यांत मी नाही. पन्नास पोरांना एका घंटेवर उठवायचं, एकाच मापाचे सदरे घालायचे, याला घर म्हणता येत नाही.

मात्र आपल्या जिल्ह्यात बाप गेलेली मुलं कमी झालेली नाहीत. कपाशी-सोयाबीनच्या कर्जापायी जीव दिलेल्या बापामागे आई उरते. आई आहे म्हणून पोर अनाथ नाही, आणि आईच्या हाताला शेतमजुरीपलीकडे काम नाही. या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे, महिना २,२५० रुपयांची. त्यासाठी मृत्यूचा दाखला हवा, उत्पन्नाचा हवा, शाळेचा हवा, मग बाल कल्याण समितीचा आदेश. सिंदखेडराजाकडची बाई मजुरी बुडवून एसटीने बुलढाण्याला येते, एक कागद कमी निघतो, आणि ती पुन्हा एसटीत बसते.

दिवाळी तोंडावर आली की बालगृहांमध्ये करंज्या-चकल्यांचे डबे ठेवायला जागा उरत नाही. दाते येतात तशी मुलं फोटोसाठी रांगेत उभी राहतात. जूनमध्ये वह्या-दप्तरं लागतात तेव्हा तिकडे कुणी फिरकत नाही. फराळ जरूर न्या. पण आपल्याच गल्लीत एखादी अशी आई असेल, तर डबा तिच्याकडे पोचवताना तिच्या अर्जाचं कुठे अडलंय तेही विचारा. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला ग्रामपंचायतीतून निघाला आहे का, इथपासून सुरुवात करता येईल.