दगड दाखवा, जागा सांगा

चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथल्या लाल-हिरवट चिकणमातीतून कधीकधी गोलसर, लांबट दगड वर येतात. वाटेत आडवे आले तर कुणीही पायानं बाजूला सारेल, असे. ते डायनोसॉरच्या विष्ठेचे दगड झालेले गोळे आहेत. शास्त्रज्ञांनी त्यातले काही गोळे तपासले, तेव्हा गवताच्या पानांत तयार होणारे सिलिकाचे अतिसूक्ष्म कण त्यांत सापडले. २००५ साली हे प्रसिद्ध झालं आणि डायनोसॉरच्या काळात गवत नव्हतंच, ही समजूत मोडली. २०११ साली तर भाताच्या कुळातल्या गवताचाही पुरावा याच दगडांतून पुढे आला. जिथे आज धान पिकतं, त्याच जिल्ह्यातून!

आता कल्पना करा, हाच गोळा कुणी उचलून पुण्या-मुंबईच्या घरी शोकेसमध्ये ठेवला आहे. कुठून आला, कुणालाच माहीत नाही. मग तो फक्त गोटा. कारण तो कोणत्या गावच्या, कोणत्या थरातून निघाला, हे कळल्याशिवाय त्याचं वय सांगता येत नाही. जीवाश्माची निम्मी किंमत त्याच्या जागेत असते. म्हणून विदर्भातल्या, आणि खरं तर सगळ्याच मराठी वाचकांना माझं सांगणं दोनच गोष्टींचं आहे : सापडलेला दगड लपवू नका, आणि तो कुठे सापडला ते विसरू नका.

आधी ओळखीबद्दल. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या कातळाचा, म्हणजे लाव्हापासून बनलेल्या बेसॉल्टचा आहे. हा कातळ झिजताना कांद्यासारखे पापुद्रे सुटत जातात आणि आत गोल गरगरीत गोटा उरतो. दर पावसाळ्यात असा एखादा गोटा ‘डायनोसॉरचं अंडं’ म्हणून मोबाइलवर फिरतो. तो अंडं नव्हे. खरी अंडी लाव्हाच्या आधीच्या, चुनखडीसारख्या थरांत मिळतात. मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात मिळालेली अंडी साधारण १५ ते १७ सेंटिमीटर व्यासाची आहेत, आणि फुटलेल्या कडेला कवचाची पातळ किनार दिसते. दगडावर नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी दिसली, तर ती बहुतेक वेळा मँगनीजच्या क्षारांनी काढलेली असते, पान नसतं. हाड ओळखायचं तर तुटलेली बाजू पाहा. तिथे बारीक बारीक छिद्रांची जाळी दिसते. लाकडाचा दगड असेल तर त्यात धागे किंवा वर्तुळं दिसतात. शंका राहिली तरी हरकत नाही. नीट तपासणं तज्ज्ञांचं काम आहे.

विहीर, शेततळं किंवा रस्त्याचं काम चालू असताना असं काही दिसलं, तर पाच मिनिटं जेसीबी थांबवा. दगड ओढून काढू नका. शेजारी एक रुपयाचं नाणं किंवा मोजपट्टी ठेवून जवळून फोटो घ्या. मग चार पावलं मागे येऊन दुसरा फोटो घ्या, म्हणजे आजूबाजूची माती आणि थर दिसेल. मोबाइलवर लोकेशन जतन करा. किती फुटांवर, कोणत्या रंगाच्या मातीत मिळालं, ते तिथल्या तिथे लिहून ठेवा. मग नागपूरला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयात किंवा जवळच्या महाविद्यालयातल्या भूविज्ञान विभागात कळवा. गावात सरपंचांना आणि शाळेतल्या सरांना सांगून ठेवलंत, तर पाठपुरावाही होतो.

काय करू नये, तेही सांगतो. ॲसिडनं धुऊ नका, तेल किंवा वॉर्निश लावू नका, फुटलेले तुकडे फेव्हिकॉलनं जोडू नका. कुणी पैसे देऊ केले तरी विकू नका. आणि नेमकी जागा व्हॉट्सॲपच्या गटावर टाकू नका. फोटो खुशाल दाखवा, गावाचं नाव सांगा, पण शेताचं लोकेशन फक्त तपासणाऱ्यांना द्या. नाहीतर त्यांच्या आधी हातोडी घेतलेली माणसं पोचतात.

दगड आहे तसा ठेवण्यानं काय साधतं, याचं एक उदाहरण गुजरातचं आहे. १९८० च्या दशकात भूवैज्ञानिक धनंजय मोहबे यांनी ढोली डुंगरी इथे अंड्यांसह छोटी हाडं असलेला एक दगड मिळवला. ती डायनोसॉरच्या पिल्लाची हाडं असावीत, असं तेव्हा वाटलं. बऱ्याच वर्षांनी, २००१ साली, जेफ्री विल्सन या अमेरिकी संशोधकानं तोच दगड पाहिला आणि त्यातले काही मणके सापाचे असल्याचं ओळखलं. फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घालून बसलेला, साडेतीन मीटर लांबीचा साप, आणि शेजारी पिल्लू! २०१० साली हा शोध जगापुढे आला. कुणी त्यातलं एक अंडं शोभेसाठी सुटं केलं असतं, तर साप कुणालाच दिसला नसता.

धार जिल्ह्यातल्या पाडल्या गावाची गोष्टही लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिथली मंडळी ज्या गोल दगडांना शेताचा आणि गुराढोरांचा राखणदार मानून पूजत होती, ते डायनोसॉरची अंडी असल्याचं २०२३ साली बातम्यांत आलं. त्यावर हसणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, की पूजेमुळेच ते दगड फुटले नाहीत. गावाच्या श्रद्धेला धक्का न लावताही नोंद होऊ शकते, मोजमाप होऊ शकतं.

आता दुसऱ्या बाजूला, म्हणजे सरकारला आणि संस्थांनाही सांगायला हवं. वरोऱ्याजवळच्या डोंगरगावच्या टेकडीवरून १९८० च्या दशकात इसिसॉरस या डायनोसॉरचा सांगाडा निघाला. प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यातून बारापासॉरसची सुमारे ३०० हाडं निघाली. त्याचा उभा केलेला सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आहे. ज्यांनी काढली, जपली, अभ्यासली, त्यांचे उपकारच आहेत. पण वरोऱ्याच्या किंवा सिरोंच्याच्या पोरानं आपल्या मातीतला डायनोसॉर बघायला कोलकात्याला जावं का? निदान एका हाडाची हुबेहूब प्रतिकृती, मराठीत लिहिलेला फलक आणि शोधाची गोष्ट जिल्हा परिषदेच्या शाळेत पोचायला हवी. सिरोंचा तालुक्यात वडधमला जीवाश्म उद्यान आहे. शाळांनी सहल तिकडेही न्यावी. ज्या गावाला आपल्या दगडांचं मोल कळतं, ते गाव वेगळ्या पहारेकऱ्याशिवायही त्यांची राखण करतं.

आणि शेवटी, ज्यांच्या घरात असा दगड आधीपासून आहे त्यांच्यासाठी. चोरी केली म्हणून कुणी जाब विचारेल, या धास्तीनं तो माळ्यावर टाकून ठेवू नका. आजच एक कागद घ्या. गाव, शेत किंवा नाला, सापडल्याचं साल, कुणाला सापडला, एवढं लिहा आणि तो कागद दगडासोबतच पिशवीत ठेवा. आजोबांनी आणला असेल तर आजोबांना विचारा, आणि आठवड्याभरात विचारा. दगड कोट्यवधी वर्षं टिकला आहे, तो आणखीही टिकेल. पण तो कुठून आणला हे ठाऊक असलेलं माणूस तेवढं टिकणार नाही. कागद तयार झाला की फोटोसह भूविज्ञानाच्या जवळच्या विभागाला दाखवा. दगड कामाचा निघाला तर संग्रहालयाला द्या, देताना तुमचं आणि गावाचं नाव नोंदवून घ्या, आणि पोच मागायला लाजू नका.