चौलचे लाल दात आणि एका उताऱ्याचा गैरवापर

इ.स. 916-17 च्या सुमारास बगदादचा प्रवासी आणि इतिहासकार अल्-मसूदी रायगडच्या किनाऱ्यावर चौलला आला. त्याच्या अरबी ग्रंथात हे बंदर ‘सैमूर’ या नावाने येते. तेथील विड्याविषयी त्याने लिहिलेला छोटासा उतारा आज समाजमाध्यमांवर अभिमानाने फिरवला जातो. त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष असा की, पूर्वजांचे दात विड्यामुळे म्हातारपणापर्यंत शाबूत राहत आणि दंतवैद्य ही आधुनिक काळाची उपाधी आहे. उतारा खरा आहे. निष्कर्ष मात्र त्यात कोठेही नाही. (थ्रेड)

प्रथम चौल. हे उत्तर कोकणच्या शिलाहारांचे बंदर. शिलाहार हे मान्यखेटच्या राष्ट्रकूटांचे मांडलिक. मसूदी राष्ट्रकूट सम्राटाला ‘बल्हरा’ म्हणतो आणि चौलच्या स्थानिक राजाचे नाव झंझ असे देतो. शिलाहारांच्या वंशावळीशी ते जुळते. सिराफ, ओमान, बसरा आणि बगदाद येथून आलेले, तसेच येथेच जन्मलेले मिळून सुमारे 10,000 मुसलमान या बंदरात राहत होते, असे तो नोंदवतो. त्यांच्यातील तंटे सोडवणारा त्यांचाच एक प्रमुख राजाने नेमलेला असे. आज चौल-रेवदंड्याच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांतून फिरताना या गजबजाटाची कल्पना येणे अवघड आहे.

आता उतारा. पानाचा विडा चुना आणि सुपारी घालून खातात, त्याने हिरड्या घट्ट होतात, दातांची मुळे बळकट होतात, मुखास सुगंध येतो, भूक वाढते आणि दात डाळिंबाच्या दाण्यांसारखे लाल होतात, असा त्याचा आशय. त्याला जोडूनच मसूदी आणखी एक गोष्ट सांगतो आणि अभिमानाच्या पोस्टमधून नेमकी तीच गळते: या देशातील थोर व सामान्य, सर्वांनाच पांढरे दात आवडत नाहीत आणि विडा न खाणाऱ्यापासून ते दूर राहतात.

उताऱ्याचा संदर्भही गळतो. हे वर्णन मसूदीच्या ग्रंथात आरोग्याच्या प्रकरणात येत नाही. राजाची अनुमती घेऊन स्वेच्छेने अग्निप्रवेश करण्यास निघालेला एक तरुण त्याने चौलच्या बाजारपेठेत पाहिला. त्या भयंकर मिरवणुकीतही तो विडा चघळत होता. मसूदीच्या अरब वाचकाला हे तांबूल काय प्रकरण आहे ते समजावे, म्हणून तो क्षणभर थांबून माहिती देतो. ती माहिती त्याने कोणाचे दात तपासून मिळवलेली नाही. विडा खाणारे लोक विड्याबद्दल जे सांगत, ते त्याने टिपले. म्हणजे दहाव्या शतकात चौलच्या लोकांना काय वाटत असे याचा हा उत्तम पुरावा आहे. त्यांचे दात प्रत्यक्षात कसे होते, याविषयी तो मौन पाळतो. साधनाने जे विचारले नाही त्याचे उत्तर त्याच्या तोंडी घालू नये, एवढे पथ्य इतिहासाच्या पहिल्या वर्षालाच शिकवले जाते.

या उताऱ्यातील खरे मोलाचे वाक्य पांढऱ्या दातांच्या नावडीचे आहे. दात पांढरे शुभ्र असावेत हा आदर्श आज इतका स्वयंसिद्ध वाटतो की, त्यालाही इतिहास आहे हे ध्यानात येत नाही. महाराष्ट्रात विवाहित स्त्रीने काळे दातवण लावून दात रंगवणे हे सौभाग्याचे लक्षण मानले जाई. हिरडा किंवा मायफळ यांसारख्या तुरट फळांतील टॅनिन आणि हिराकशीतील लोह यांच्या संयोगातून गडद काळा रंग तयार होतो; जुनी लेखनाची शाईही त्याच रसायनाची. जपानमध्येही उच्चकुलीन स्त्रिया दात काळे करीत. तेथील मेजी शासनाने 1870 मध्ये सरदार घराण्यांना ही प्रथा बंद करण्यास सांगितले आणि 1873 मध्ये खुद्द सम्राज्ञी पांढऱ्या दातांनी लोकांसमोर आली. आपल्याकडे असा हुकूम कोणी काढला नाही. काळे दातवण हळूहळू, लाजत लाजत नाहीसे झाले. शब्द तेवढा आजीच्या बोलण्यात उरला.

पूर्वजांचे दात पडतच नसत, असे मानण्यात त्यांचा गौरव होतो असे अनेकांना वाटते. वस्तुतः त्याने त्यांच्या हजारो वर्षांच्या खटपटीवर पाणी फिरते.

बलुचिस्तानातील मेहरगढचे उदाहरण घ्यावे. तेथील दफनभूमीत नऊ प्रौढ व्यक्तींच्या अकरा दाढांना छिद्रे पाडलेली आढळली. काळ आजपासून सुमारे 7,500 ते 9,000 वर्षांपूर्वीचा. 2006 मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. छिद्रांच्या कडा चावून चावून गुळगुळीत झालेल्या आहेत. अर्थात ही माणसे जिवंत असताना हे काम झाले आणि त्यानंतरही ती त्याच दाढांनी जेवत राहिली. मणी घडवणाऱ्या कारागिरांच्या हातातील चकमकीच्या दगडाचे टोक येथे दाढेवर चालले असावे, असे संशोधकांचे अनुमान. भूल नाही, दिवा नाही, आरसा नाही.

आयुर्वेदाच्या संहिता तर या दंतकथेच्या थेट विरोधात साक्ष देतात (दंतकथा हा शब्द येथे टाळता येण्याजोगा नव्हता). सुश्रुतसंहितेत दातांचे आणि हिरड्यांचे रोग स्वतंत्रपणे मोजलेले आहेत, शस्त्रांच्या यादीत ‘दंतशंकू’ आहे, आणि वरचा दात हलत असला तरी उपटू नये, त्याने अतिरक्तस्राव होऊन अनर्थ ओढवतो, असा इशाराही आहे. असा इशारा कोण लिहितो? ज्याच्या परंपरेने वरचा दात उपटून पाहिला आहे आणि रोगी हातचा जाताना पाहिला आहे, तोच. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात किडलेल्या दातातील पोकळी गुळाने किंवा मेणाने भरून डागण्याची कृती येते. ज्या समाजात दात किडत नसतील त्याला पोकळी भरण्याची कृती कशाला हवी? रुई, वड, खैर, करंज, अर्जुन यांच्या काड्यांनी दात घासण्याचा नित्यविधी हाही निर्धास्तपणाचा पुरावा नव्हे. दात जातील ही भीती रोजची होती, म्हणून विधी रोजचा होता.

ज्याच्याकडे धन होते त्याने दुरुस्तीही केली. 1194 मध्ये चंदावरच्या लढाईत गाहडवाल राजा जयचंद मारला गेला. रणांगणातील प्रेतांच्या गर्दीत त्याचा देह ओळखू येईना. इब्न अल्-अथीर हा तेराव्या शतकातील इतिहासकार लिहितो की, तो ओळखला गेला तो दातांवरून; दात कमकुवत झाल्यामुळे ते सोन्याच्या तारेने बांधलेले होते. उत्तर हिंदुस्थानच्या बलाढ्य राजाचेही दात हलत होते, आणि बाराव्या शतकात ते जागेवर धरून ठेवणारा सोनार वा वैद्य उपलब्ध होता, या दोन्ही गोष्टी या एका नोंदीतून कळतात. त्याच रणांगणावर पडलेल्या साध्या शिपायाच्या तोंडात तार नव्हती. त्याची दाढ दुखू लागली की गावचा न्हावी किंवा फिरता वैदू, आणि नंतर खिंडार.

श्रीमंताचे तोंड आणि गरिबाचे तोंड यांतील हे अंतर सर्वत्र आहे. जॉर्ज वॉशिंग्टनची कवळी लाकडाची होती ही अमेरिकेतील लाडकी आख्यायिका खोटी आहे. त्याच्या कवळ्यांत हस्तिदंतासारखे पदार्थ, धातू आणि माणसांचे दात होते. 1784 च्या त्याच्या हिशेबवहीत गुलामांकडून घेतलेल्या नऊ दातांबद्दल पैसे दिल्याची नोंद आहे. स्वस्त कवळी सामान्यांच्या आवाक्यात आली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, गंधक मिसळून कडक केलेल्या रबरामुळे. आपल्या किनाऱ्याला आधुनिक दंतवैद्यकाची जवळची मोठी संस्था म्हणजे खाडीपलीकडची मुंबई: तेथे नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय 1933 मध्ये सुरू झाले. दंतवैद्यांची नोंदणी करणारा कायदा तर 1948 चा. रेवसहून लाँच पकडून भाऊच्या धक्क्यावर उतरायचे, दिवसाची मजुरी बुडवायची आणि दाढ वाचवायची की काढायची हे खिशाने ठरवायचे, हा हिशेब ज्या पिढ्यांनी केला त्यांच्या तोंडातील खिंडारे विड्याच्या अभावामुळे पडलेली नाहीत.

मसूदीचा उतारा आजच्या आरोग्यसल्ल्यासाठी वापरणाऱ्यांनी आणखी एका गोष्टीकडे पाहावे. त्याच्या विड्यात तंबाखू नव्हती. असणे शक्यच नव्हते. तंबाखू अमेरिका खंडातून पोर्तुगिजांच्या मार्गाने आली. 1604-05 च्या सुमारास असद बेगने ती विजापूरहून अकबराच्या दरबारी नेली, म्हणजे दख्खनमध्ये ती त्याआधी रुळली होती. चौल 1521 पासून 1740 पर्यंत पोर्तुगिजांचे ठाणे होते, हे येथे आठवावे. मसूदी आणि तंबाखू यांत सुमारे सात शतकांचे अंतर आहे. पुढे तंबाखू विड्यात शिरली आणि भाजून, कुटून मिसरी झाली. मिसरीने तर दातवणाची जागाच घेतली: दात घासण्याच्या निमित्ताने सकाळ-संध्याकाळ हिरड्यांवर तंबाखू. व्यसन म्हणून तिची गणना घरात कोणी केली नाही, म्हणून ती स्त्रियांमध्ये इतकी खोल रुजली.

तंबाखू काढली की विडा निर्दोष, असेही नाही. 1953 मध्ये मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी तोंडातील अस्तर कडक होऊन जबडा उघडेनासा होण्याच्या विकाराची नोंद केली. पुढे त्याचे मुख्य कारण सुपारी असल्याचे सिद्ध झाले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंत संशोधन विभागाने डॉ. फली मेहता यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्रातील 1,01,761 ग्रामस्थांची तोंडे तपासली; त्याचा अहवाल 1972 मध्ये प्रसिद्ध झाला आणि तंबाखूच्या सवयी व तोंडातील कर्करोगपूर्व चट्टे यांचा संबंध त्यातून पुढे आला. 2004 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अहवालाने तंबाखूविरहित विडा आणि नुसती सुपारी यांनाही निश्चित कर्ककारकांच्या गटात घातले. दातांचे म्हणाल, तर वर्षानुवर्षे कडक सुपारी फोडणाऱ्या दाढा झिजतात. मसूदीने एका संध्याकाळी ऐकलेली प्रशंसा आणि लाखभर तोंडांत प्रत्यक्ष डोकावून केलेली नोंद यांना एकाच तराजूत घालता येणार नाही.

हे सारे रायगडच्या किनाऱ्यावर लिहिणे सोपे नाही, कारण सुपारी येथे लोकांचे पोट आहे. श्रीवर्धनचा रोठा नावाजलेला. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, चौल-रेवदंडा या पट्ट्यात पिढ्यानुपिढ्या पोफळीच्या वाड्यांवर घरे चालली. ‘सुपारी वाईट’ एवढे बोलून शहरात परत जाणे हा अन्यायच. पण ‘आमच्या सुपारीला हजार वर्षांचे प्रमाणपत्र आहे’ असे म्हणून वाडीचे रक्षण होत नाही. महाराष्ट्राने 2012 मध्ये गुटख्यावर बंदी घातली. ती घालताना सुपारी पिकवणाऱ्याच्या पुढील पंचवीस वर्षांचा विचार तितक्याच गांभीर्याने व्हायला हवा होता. विड्याच्या गौरवाच्या पोस्टमध्ये वाडीवाल्याचा हा प्रश्न कधीच येत नाही, आणि ज्याचे तोंड बोटभरही उघडत नाही तो रुग्णही येत नाही.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन-मुरूड पट्ट्यात उंच, सडपातळ पोफळी काही तासांत आडव्या झाल्या. पोफळीचे रोप लावल्यापासून फळ धरेपर्यंत साधारण सहा-सात वर्षे जातात. वादळानंतर पाण्याचे पाट पुन्हा बांधून अनेकांनी त्याच खड्ड्यांत पोफळीच लावली, कारण त्या सावलीत आणि त्या जमिनीत दुसरे काय लावावे हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.