हवालदाराची इनाम जमीन

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आज ओकलंड आणि बर्कली ही शहरे आहेत. एके काळी तेथे एकाच घरची गुरे चरत. त्या घराचा मूळ पुरुष लुईस मारिया पेराल्ता.

१७५९ सालचा त्याचा जन्म. १७७६ साली आन्झाच्या तांड्याबरोबर आईबापांसह तो कॅलिफोर्नियात आला. मुलूख स्पेनच्या राजाचा. पोरगा फौजेत शिरला, सार्जंट झाला; आपल्याकडचा हवालदारच म्हणा. चाकरीबद्दल १८२० साली गव्हर्नर सोला यांनी त्याला सुमारे ४४,८०० एकर जमीन दिली. मुळात ती ओलोनी आदिवासींची. त्यांना कोण विचारतो?

तिथली शेती म्हणजे मुख्यतः गुरेच. कातडी आणि चरबी जहाजवाल्यांना विकायची. लुईस सान होसे गावी राही, रान मुलगे सांभाळीत. १८४२ साली त्याने चौघा मुलांना वाटणी करून दिली. मुलींना त्यात एकरभरही नाही. पुढे त्यावरूनही कोर्टकज्जा झालाच.

१८४८ साली कॅलिफोर्निया अमेरिकेकडे गेला, त्याच वर्षी सोने सापडले आणि माणसांचे लोंढे आले. परके लोक पेराल्तांच्या रानात घुसले. झाडे तोडली, गुरे मारली, जमिनीचे प्लॉट पाडून विकले. त्यांतला होरेस कार्पेंटियर हा वकील तर १८५४ साली ओकलंडचा पहिला महापौर झाला!

म्हातारा १८५१ साली वारला. त्याच वर्षी नवा कायदा आला : जमीन आपली आहे हे ज्याने त्याने सिद्ध करावे. घुसणाऱ्याने नव्हे, मालकाने! कागद स्पॅनिश भाषेत, हद्दी ओढ्या-डोंगरांच्या खुणांनी सांगितलेल्या. मोजणी कुणी केली होती? तरी पेराल्ता लढले. १८५६ साली वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकलेही. पण बहुतेक पक्क्या सनदा हाती पडायला १८७० नंतरचा काळ उजाडला. तोवर वकिलांची फी आणि सरकारचा कर भागवायला तुकडा तुकडा विकावा लागला. निकाल बाजूने लागला, पण रान गेले. कोर्टाची पायरी चढलेल्या घरांना हे वेगळे सांगायला नको.

चौघांपैकी आंतोनियोकडे १८७९ साली मरताना अवघी २३ एकर उरली होती. १८७० साली बांधलेले त्याचे लाकडी घर ओकलंडमध्ये अजून उभे आहे. सान होसेत बापाचे मातीच्या विटांचे घरही आहे. ते त्याने दोघा अविवाहित मुलींच्या नावे केले होते.