राण्या गेल्या, गोदीचे काय?

मोठ्या जहाजाची गोष्ट सांगताना त्याची लांबी, वेग आणि आतला थाटमाट सांगण्याची रीत आहे. आज आम्ही ‘क्वीन मेरी’ची गोष्ट सांगणार आहोत, ती मात्र तिला बांधणाऱ्या हातांच्या बाजूने.

स्कॉटलंडमध्ये ग्लासगो शहराजवळ, क्लाइड नदीच्या काठी क्लाइडबँक हे गाव आहे. तिथल्या जॉन ब्राउन गोदीत डिसेंबर १९३० मध्ये क्युनार्ड कंपनीच्या एका अजस्त्र जहाजाचे काम सुरू झाले. जहाजाला अजून नाव नव्हते, फक्त क्रमांक होता : ५३४. पण जगभर मंदी पसरली, कंपनीकडचा पैसा आटला आणि वर्षभरातच काम थांबले. तीन हजारांहून अधिक कामगार घरी बसले. घरांतल्या चुली थंडावल्या आणि गावाच्या डोळ्यांसमोर तो लोखंडी सांगाडा सव्वादोन वर्षे गंजत उभा राहिला.

गावचे खासदार डेव्हिड कर्कवुड यांनी पार्लमेंटमध्ये हा प्रश्न लावून धरला. शेवटी सरकारने ९५ लाख पौंडांचे कर्ज मंजूर केले. त्यासाठी एक अट होती : क्युनार्डने ‘टायटॅनिक’वाल्या व्हाइट स्टार कंपनीशी एकत्र यावे. एप्रिल १९३४ मध्ये गोदीचे दरवाजे उघडले आणि कामगार बॅगपाइपच्या सुरात आत गेले. त्याच सप्टेंबरात ‘क्वीन मेरी’ पाण्यात उतरली आणि मे १९३६ मध्ये साउदम्प्टनहून न्यूयॉर्कच्या पहिल्या सफरीवर निघाली.

त्याच कर्जातून धाकटी बहीण ‘क्वीन एलिझाबेथ’ याच गोदीत तयार झाली. दुसऱ्या महायुद्धात दोघींनी सैनिक वाहिले. जुलै १९४३ च्या एका फेरीत ‘क्वीन मेरी’वर १६,६८३ माणसे होती. जिथे एरवी दोन हजारांच्या आसपास प्रवासी असत, तिथे एवढी!

युद्ध संपल्यावर काही वर्षे बरी गेली. मग १९५८ मध्ये अटलांटिकवरून जेट विमाने उडू लागली. जिथे जहाजाला चार-पाच दिवस लागत, तिथे विमान काही तासांत पोहोचू लागले. मुंबईहून जिद्दाला जाणारी हजची जहाजेही पुढे विमानांमुळेच थांबली. आपल्या घरांतल्या वडीलधाऱ्यांना ती आठवत असतील.

‘क्वीन मेरी’ १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच शहराने विकत घेतली. आज ती तिथे धक्क्याला उभी आहे. ‘क्वीन एलिझाबेथ’चे तरंगते विद्यापीठ करायचे ठरले होते, पण जानेवारी १९७२ मध्ये हाँगकाँगच्या बंदरात ती आगीत गेली. तिसरी ‘क्वीन एलिझाबेथ २’ सप्टेंबर १९६७ मध्ये क्लाइडबँकलाच पाण्यात उतरली. २००८ पर्यंत तिने प्रवासी वाहिले. आता ती दुबईच्या राशिद बंदरात हॉटेल म्हणून उभी आहे. कोकणातल्या कितीतरी घरांतली मुले दुबईत कामाला आहेत. त्यांच्यापैकी काहींनी ती पाहिलीही असेल.

चौथी ‘क्वीन मेरी २’ २००४ पासून समुद्रावर आहे. पण ती क्लाइडबँकची नाही. ती फ्रान्समधल्या सँ-नाझेर इथे बांधली गेली. क्लाइडबँकच्या गोदीत १९७२ नंतर जहाज बांधलेच गेले नाही.

दोन राण्यांना म्हातारपणी कुठे ना कुठे धक्का मिळाला. त्यांना घडवणाऱ्या गोदीला मात्र पुढे जहाजांचे काम मिळाले नाही. १९३४ साली सरकारच्या कर्जाने गावाची रोजीरोटी वाचवली, पण विमानांचे युग ते कर्ज थोपवू शकत नव्हते. मदतीने दिवस निभतात. पिढी निभवायची तर नवे हुन्नर शिकावे लागते. त्या गोदीतली १९०७ ची टायटन क्रेन अजून उभी आहे आणि जुन्या गोदीच्या जमिनीवर आज एक कॉलेज आहे. जिथे बापजाद्यांनी पोलादाचे पत्रे जोडले, तिथे नातवंडे नवी विद्या शिकत आहेत. एक शिक्षक म्हणून आम्हांला या साऱ्या कहाणीत तेच सर्वांत मोलाचे वाटते.